वसंतरात्रींची पतंगवही

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की गल्लीबोळांच्या दाटीत मंगला गौरीचे मंदिर लागते. मंगळागौर म्हटले की महाराष्ट्रातील वाचकांना श्रावणातील मंगळवार, पत्री आणि जागरण आठवेल. काशीत मात्र मंगला गौरी हे वस्तीचेही नाव आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले बिंदुमाधवाचे मंदिर, उस्ताद बिस्मिल्ला खाँ जेथे सनईचा रियाज करीत ते बालाजी मंदिर, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा सारा परिसर येथून हाकेच्या अंतरावर आहे. पिढ्यान्‌पिढ्या काशीवासी झालेली मराठी कुटुंबे याच भागात राहत आली. सूर्याने येथे तप केले अशी काशीखंडातील कथा असून मयूखादित्य या नावाने त्याचे स्थान मंदिरातच आहे. पंचगंगेतील पाच नद्यांपैकी किरणा ही त्या तपातील सूर्याच्या घामातून उगम पावली, असेही सांगतात.

सूर्याचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. संस्कृतात ‘पतंग’ या शब्दाचा एक अर्थ सूर्य असा आहे, दुसरा पक्षी, आणि तिसरा दिव्यावर येणारा तो चिमुकला जीव. आजचा विषय तिसऱ्या अर्थाचा पतंग हा आहे. अधिक नेमके सांगायचे तर, घराच्या बागेत वसंत ऋतूत येणाऱ्या पतंगांची नियमित नोंद ठेवणे हा.

बाग म्हणताच कोणी म्हणेल, पक्क्या महालातील या घरांना बाग कोठून? खरे आहे. अंगण नाही, परसू नाही. आहे तो मधला चौक आणि वरची गच्ची. परंतु चौकात तुळशीवृंदावन असते, गच्चीवर मोगरा, कण्हेर, तगर, अनंत, लिली यांच्या कुंड्या असतात, एखाद्या कठड्यावर गुळवेल चढवलेली असते. पूजेसाठी लागणारे फूल घरचे असावे ही हौस मराठी घराने काशीतही सोडलेली नाही. पतंगाला एवढी बाग पुरते. त्याच्या अळीला तिची ठरलेली वनस्पती मिळाली की ती कुंडीत आहे की रानात, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

पतंग आणि फुलपाखरे ही एकाच गणातील भावंडे. दोघांच्याही पंखांवर सूक्ष्म खवले असतात. बोटाला लागणारी ‘भुकटी’ म्हणजे हेच खवले. जगात नावे दिल्या गेलेल्या या गणातील सुमारे १ लाख ६० हजार जातींपैकी फुलपाखरे जेमतेम १८ ते १९ हजार भरतात. उरलेले सारे पतंग. भारतात फुलपाखरांच्या सुमारे १४०० जाती आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. तरीही गौरव होतो तो फुलपाखरांचाच. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘नीलवंत’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, पतंगांच्या वाट्याला मात्र बहुधा झाडूच येतो. दोघांना ओळखण्याची सोपी खूण मिशांची आहे. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी निमुळती किंवा पिसासारखी झुपकेदार असते. रात्री हिंडतो तो पतंग, ही समजूत पुष्कळ अंशी खरी आहे, पण पूर्णपणे नाही. दिवसा उडणारे पतंगही आहेत आणि त्यांतील एक आपल्या अनंताच्या झाडावरच येतो.

कुंडीनिहाय पाहुणे

पतंगांची ओळख दिव्यापासून करून घेण्यापेक्षा झाडापासून करून घेणे अधिक सोपे, असे आमचे मत आहे. दिव्यावर कोण येईल याचा नेम नसतो. झाडावर कोण येईल हे बरेचसे ठरलेले असते.

तुळशीपासून आरंभ करू. तुळशीची कोवळी पाने रेशमी धाग्याने एकमेकांना चिकटवून आत राहणारी बारीक हिरवट अळी बहुतेक घरांनी पाहिलेली असते. ती एका छोट्या पिवळसर तपकिरी पतंगाची अळी. गुंडाळलेले पान हळूच उघडावे. आत अळी, तिची काळी विष्ठा आणि कधी कधी कोशही सापडतो.

कण्हेर, तगर आणि सदाफुली या तीन झाडांवर एका देखण्या पतंगाचा हक्क आहे. त्याला इंग्रजीत कण्हेरीच्याच नावाने ओळखतात. तो हॉक मॉथ कुळातील असून त्याच्या पंखांवर हिरव्या आणि गुलाबी छटांची नक्षी असते; पानांत बसला तर दिसणार नाही अशी. त्याची अळी बोटाएवढी जाड, हिरवीगार, शेपटाकडे एक शिंग आणि डोक्यामागे दोन निळे डोळे. हे डोळे खोटे असतात. पक्षी जवळ आला की ती पुढचा भाग फुगवते आणि ते डोळे वटारले जातात. कण्हेरीचा चीक विषारी असतो हे आपण मुलांना बजावून सांगतो. ही अळी मात्र तीच पाने खाऊन पुष्ट होते. कोशात जाण्याची वेळ आली की तिचा हिरवा रंग तपकिरी होतो आणि ती झाडावरून उतरून पालापाचोळ्यात शिरते.

अनंतावर येणारा पतंग भर दिवसा उडतो. पारदर्शक पंख, जाड हिरवट पिवळे अंग, फुलापुढे एकाच जागी तरंगण्याची ढब. यामुळे पाहणारा त्याला भुंगा समजतो. कोशातून नुकताच बाहेर पडतो तेव्हा त्याच्या पंखांवर इतर पतंगांसारखे खवले असतात. पहिल्या उड्डाणाबरोबर ते झडून जातात आणि पंख काचेसारखे स्वच्छ होतात. अनंताच्या पानांवर शिंगवाली हिरवी अळी दिसली, तर झाड वाचवण्याच्या घाईत तिला फेकून देण्यापूर्वी दोन आठवडे थांबून पाहावे.

लिलीची पाने एका रात्रीत कुरतडलेली दिसली तर काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेल्या अळ्या शोधाव्यात. त्यांचा पतंगही तसाच भडक, काळ्या, तांबड्या आणि पिवळ्या ठिपक्यांचा. हीच अळी आपल्याकडील कळलावीवरही असते. भडक रंग ही निसर्गातील धोक्याची पाटी होय. आपण खाण्याजोगे नाही हे ती जाहीर करीत असते. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून गळू लागल्या तर आत हिरवट बारीक अळी असण्याचा संभव असतो. मोगरा चैत्रात भरात येतो, म्हणून वसंताच्या वहीत या पांढरट, नखाएवढ्या पतंगाची नोंद हटकून व्हावी. आणि गुळवेलीवर वाढणाऱ्या अळीचा मोठा पतंग, ज्याचे मागचे पंख नारिंगी व काळे असतात, तो नागपूर भागातील संत्रा बागायतदारांना चांगलाच परिचित आहे. त्याची सोंड इतकी कणखर असते की ती पिकत आलेल्या संत्र्याच्या सालीतून आरपार जाते. भोक पडलेले फळ सडते आणि गळते. औषधी म्हणून घरोघरी लावलेली वेल आणि संत्र्याची फळगळ यांचा असा संबंध असतो, हे नोंदी ठेवणाऱ्यांमुळेच कळले.

घरातील पतंगांचा उल्लेख केल्यावाचून काशीचे वर्णन पुरे होणार नाही. बनारसी शालू ज्या रेशमाचा, ते रेशीम तुतीच्या पानांवर पोसलेल्या अळीच्या कोशाचे. एका कोशातून सुमारे एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा निघतो. हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली राहून हा पतंग उडणेच विसरला आहे. तोच शालू पेटीत नीट ठेवला नाही तर त्याला कसर लागते. लोकर आणि रेशीम खाणारी ती अळीही एका पतंगाचीच. एकाने विणायला दिलेले दुसरा कुरतडतो, असा हा घरचा हिशेब आहे.

वसंतच का?

पतंग पाहण्याचा मुख्य हंगाम पावसाळा. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात पाळला जाणारा ‘राष्ट्रीय पतंग सप्ताह’ अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झाला आणि भारतातील हौशी निरीक्षकांनीही तो आपलासा केला. साहजिकच आपल्याकडील नोंदींचा भर पावसाळ्यावर राहिला. वसंतात पतंगांची संख्या कमी असते. परंतु त्या कमी संख्येतच वर्षाची सुरुवात दडलेली असते. थंडीचे दिवस अनेक जातींनी मातीत, पालापाचोळ्यात, सालीखाली कोशावस्थेत काढलेले असतात. काशीला माघातील थंडी ओसरते, गंगेवरचे धुके विरळ होते आणि ते कोश फुटू लागतात. पुढे चैत्र संपता संपता लू वाहू लागते आणि रात्रीही तापतात. या दोन टोकांमधले सहा-आठ आठवडे फार मोलाचे असतात. कोणती जात कोणत्या आठवड्यात प्रथम दिसली, ही एकच गोष्ट दहा वर्षे टिपली तर थंडी लवकर सरते आहे की कसे, हे पतंग सांगू शकतात.

दुसरे कारण पक्ष्यांचे. दयाळ, शिंपी, चिमणी यांची घरटी याच काळात लागतात. चिमणी स्वतः दाणे टिपत असली तरी पिलांना पहिल्या दिवसांत अळ्या आणि किडेच भरवते. ज्या आठवड्यात पिले चोच उघडून बसतात त्या आठवड्यात अळ्या नसतील तर पुढच्या महिन्यात मूठभर तांदूळ टाकून उपयोग होत नाही. चिमण्या कमी झाल्या असे सर्व जण म्हणतात. अळ्या किती उरल्या, हे पाहणारे थोडे.

एक व्यावहारिक सूचना येथेच करून ठेवतो. माघ-फाल्गुनात कुंड्यांची माती बदलण्याची पद्धत आहे. खुरप्याला तपकिरी, गुळगुळीत, खजुराच्या बीसारखा कोश लागला तर तो तसाच दुसऱ्या कुंडीत दोन बोटे मातीखाली ठेवावा.

कापड, दिवा आणि एक जुने कोडे

पतंग पाहण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. एक पांढरी सुती चादर किंवा जुने धोतर दोरीवर ताणून बांधावे, खालचा काठ जमिनीवर पसरू द्यावा आणि कापडापुढे हातभर अंतरावर दिवा टांगावा. पाऱ्याच्या वाफेचा दिवा सर्वांत परिणामकारक, कारण त्यातून पतंगांना दिसणारे अतिनील किरण निघतात. परंतु तो तापतो, पाण्याचा थेंब पडला तर फुटतो आणि डोळ्यांना त्रासदायक असतो. घरगुती एलईडी दिव्यातून अतिनील किरण जवळजवळ निघतच नाहीत, म्हणून त्यावर कमी पतंग येतात. तरी घरातला साधा दिवा वापरला तरी चालेल. अट एकच. पहिल्या रात्री जो दिवा लावला तोच, त्याच जागी, वर्षानुवर्षे लावावा. दिवा बदलला की आकडे बदलतात, आणि मग पतंग वाढले की वॅट वाढले हे कळेनासे होते.

दाट वस्तीत शेजाऱ्याच्या खिडकीत उजेड जाणार, म्हणून आधी त्याला सांगून ठेवणे शहाणपणाचे. काशीत आणखी एक काळजी घ्यावी लागते: कापड रात्रीच काढून घडी घालून ठेवावे. सकाळी माकडे येतात आणि त्यांना वाळत घातलेल्या कापडाचा फार लोभ असतो.

दिव्याशिवायचीही एक पद्धत आहे. जास्त पिकलेले केळे आणि गूळ कालवून, एक रात्र आंबू द्यावे आणि संध्याकाळी झाडाच्या खोडावर किंवा लाकडी फळीवर लेप द्यावा. फळांचा रस पिणारे पतंग, जे दिव्याकडे फारसे फिरकत नाहीत, ते येथे येतात. मुंग्याही येतात, त्याला इलाज नाही.

पतंग दिव्यावर का येतो? कवींनी याचे उत्तर फार पूर्वीच देऊन टाकले: तो प्रेमात पडलेला असतो. दिव्याला चंद्र समजून तो फसतो, ही कल्पनाही पुष्कळ काळ चालत आली. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निराळेच चित्र पुढे ठेवले. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांत असे दिसले की पतंग दिव्याकडे झेपावतच नाही. तो आपली पाठ दिव्याकडे वळवतो. रात्रीच्या नैसर्गिक अवस्थेत आकाश हे जमिनीपेक्षा नेहमी उजळ असते. म्हणून उजळ बाजूला पाठ ठेवली की आपण सरळ उडत आहोत, हे उडणाऱ्या कीटकाला कळते. जवळ दिवा आला की हाच नियम त्याला गोत्यात आणतो. पाठ दिव्याकडे राहावी म्हणून तो कलतो, कलल्यामुळे वळतो, आणि वळता वळता दिव्याभोवतीच्या फेऱ्यात अडकतो. दिवा खाली जमिनीवर ठेवला तर कित्येक कीटक उलटे होऊन कोसळतात. प्रेमाची कथा यामुळे निकालात निघाली, पण पतंगाविषयीची कणव वाढली.

यावरून एक नियम निघतो. दोन तासांनंतर दिवा बंद करावा. अडकलेल्या जिवांना उरलेली रात्र त्यांच्या कामासाठी मिळाली पाहिजे. पाली कापडाभोवती जमल्या तर त्यांना हटवावे आणि पतंगाला चिमटीत धरू नये. केसाळ सुरवंटाला तर मुळीच हात लावू नये. शेवग्याच्या खोडावर गर्दी करून बसणाऱ्या सुरवंटांचे केस टोचले की अंगावर गांधी उठतात.

वहीतील रकाने

आता मुख्य गोष्ट, वही. छायाचित्रे काढणारे आज पुष्कळ झाले आहेत आणि मोबाइलमुळे ते सोपेही झाले. परंतु छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. सुंदर दिसला तो टिपला आणि साधा तपकिरी होता तो सोडला, असे झाले की त्या संग्रहावरून काहीच मोजता येत नाही.

आठवड्यातील एक वार ठरवावा आणि त्या रात्री, इच्छा असो वा नसो, दिवा लावावा. वेळ ठरलेली असावी. काशीला वसंतात साडेसात ते साडेनऊ ही सोयीची. वहीत इंग्रजी तारीख, तिथी, दिवा लावल्याची व मालवल्याची वेळ, वारा, आभाळ, जमल्यास तापमान, आणि त्या आठवड्यात बागेत काय फुलले आहे, हे लिहावे. मग प्रत्येक प्रकारापुढे संख्या. तोच पतंग पुन्हा पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून कापडावर एका वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या धरावी.

तिथी लिहिण्याचे कारण चंद्र. पौर्णिमेच्या सुमारास दिव्यावरील पतंग कमी होतात. कृष्ण सप्तमीनंतर चंद्र उशिरा उगवत असल्याने संध्याकाळ अंधारी मिळते. तिथी लिहिली की चंद्राची नोंद आपोआप होते. त्यासाठी खगोलशास्त्राचे पुस्तक नको, भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. काशीतील मराठी घरांनी मात्र महिन्याच्या नावाबाबत सावध असावे. आपला महिना अमावास्येला संपतो, तेथील पौर्णिमेला. आपल्या फाल्गुनाचा कृष्णपक्ष तेथे चैत्राचा कृष्णपक्ष असतो. दहा वर्षांनी वही वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये, म्हणून इंग्रजी तारीख अनिवार्य.

आणि ज्या रात्री एकही पतंग आला नाही त्या रात्री काय लिहावे? कार्यालयीन मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: निरंक. तोच लिहावा. ही नोंद टाळण्याचा मोह सर्वांत मोठा असतो, आणि सर्वांत घातकही तीच टाळाटाळ. पान कोरे असेल तर त्या रात्री पतंग नव्हते की पाहणारा नव्हता, हे कधीच कळत नाही. ‘निरंक’ लिहिले असेल तर पाहणारा होता आणि पतंग नव्हते, हे पक्के होते. बँकेच्या खातेदारांना हा फरक अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

अशा वह्यांनी काय साधते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. तेथील एका पांढुरक्या, ठिपकेदार पतंगाचा काळा प्रकार मँचेस्टर येथे १८४८ मध्ये नोंदवला गेला. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळवंडली, पांढरे पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले, आणि १८९५ पर्यंत त्या शहरातील सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले. हे आकडे हौशी संग्राहकांच्या होत्या. त्यांच्याच आधारे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२४ मध्ये गणित मांडले की एवढ्या थोड्या वर्षांत असा पालट व्हायचा, तर काळ्या प्रकाराला पांढऱ्यापेक्षा निदान निम्म्याने अधिक लाभ मिळत असला पाहिजे. नैसर्गिक निवड किती वेगाने चालते, याचे ते आरंभीचे मोजमाप. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि येथेच स्थायिक झाले. महाग यंत्रांवाचून, डोळे आणि वही यांच्या बळावर येथे उत्तम विज्ञान होऊ शकते, हे ते येथील तरुणांना आग्रहाने सांगत.

आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. १८५१ मध्ये साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरी करीत आणि बंगल्याच्या आवारातील किडेमुंग्यांवर रसाळ लिहीत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. वनखात्यातील टी. आर. बेल यांनी कारवार भागात वर्षानुवर्षे अळ्या पाळल्या, त्यांना कोणते पान चालते, कोश किती दिवसांनी फुटतो हे टिपले. त्यांनी स्कॉट यांच्यासह लिहिलेला भारतातील हॉक मॉथ कुळावरील ग्रंथ १९३७ मध्ये निघाला. आपल्या कण्हेरीवरील अळीविषयी आज जे निश्चित ठाऊक आहे, त्यात अशा निरीक्षणांचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्रातील शेतकरी तर पतंगमोजणी पोटासाठी करतो. कपाशीच्या शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दररोज आठ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडले तर उपाय योजण्याची वेळ आली, असा दंडक आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळीचा उद्रेक झाला आणि मोठे नुकसान झाले. त्यानंतरच्या वर्षी राज्यात कीड सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प सुरू झाला. शेतात जे नुकसानीच्या भीतीने मोजले जाते, ते घरबागेत कोणत्याही भीतीवाचून मोजता येते, एवढाच फरक.

इंग्लंडमध्ये २००३ पासून एक योजना चालू आहे. सामान्य कुटुंबे मार्च ते नोव्हेंबर, आठवड्यातील एक रात्र, आपापल्या बागेत सापळा लावून पतंग मोजतात आणि सोडून देतात. याहून जुन्या, १९६८ पासूनच्या नोंदींवरून २०२१ मध्ये असे दाखवण्यात आले की ब्रिटनमधील मोठ्या आकाराच्या पतंगांची एकूण संख्या पन्नास वर्षांत ३३ टक्क्यांनी घटली. त्याच वर्षी दक्षिण इंग्लंडमधील दुसऱ्या एका पाहणीत, रस्त्यावरील दिव्यांखालच्या कुंपणझुडपांत अळ्यांची संख्या अंधाऱ्या झुडपांपेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आढळली; आणि जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा पांढऱ्या एलईडीचा परिणाम अधिक वाईट होता. आपल्या गल्लीत पिवळा दिवा जाऊन पांढरा कधी आला, ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. काशीत तर दिव्यांशी नाते जुने आहे. कार्तिकात याच पंचगंगा घाटावर वेळूच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदीप चढतात. तेलाची ती मंद वात आणि रात्रभर चालणारा विजेचा झोत यांत पतंगाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

नाव न सापडले तर

नव्या माणसाचा धीर येथे सुटतो. कापडावर वीस प्रकार बसलेले असतात आणि नावे जेमतेम दोघांची ठाऊक असतात. याचे दडपण घेऊ नये. हॅम्प्सन यांनी १८९२ ते १८९६ या काळात भारतातील पतंगांवर चार खंड लिहिले. तज्ज्ञही आज ते उघडून बसतात आणि बराच वेळ बसतात. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधील कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर आणि ‘आय-नॅचरलिस्ट’वर छायाचित्रांवरून ताडून पाहता येते. त्यासाठी कापडावर पेन्सिलीने एकेक सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे छायाचित्रात आकार कळतो. छायाचित्र वरून, सरळ काढावे. पंख सपाट होते की तंबूसारखे मिटलेले, मिशी दोरीसारखी होती की पिसासारखी, हे लगेच लिहावे. दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

तरीही नाव न मिळाले तर त्या पतंगाला क्रमांक द्यावा: ‘अज्ञात १’, ‘अज्ञात २’. पुढच्या आठवड्यात तोच आला तर तोच क्रमांक, आणि पुढे संख्या. अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा हा क्रमांक कितीतरी विश्वसनीय. वर्षा-दोन वर्षांनी कोणी जाणकार भेटतो, छायाचित्र पाहतो आणि नाव सांगतो. मग मागे जाऊन ‘अज्ञात ७’ जेथे जेथे असेल तेथे तांबड्या शाईने ते नाव भरावे, मूळ क्रमांक मात्र खोडू नये.